नक्षीची मिरास

कयाधू नदीच्या तीरावरील नर्सी हे गाव संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून परंपरेने मान्य झालेले आहे, आणि दामाशेटी व गोणाई यांच्या पोटी शके ११९२ मध्ये, म्हणजे इ. स. १२७० साली, हा पुरुष ज्या घराण्यात जन्मास आला त्या घराण्याची वृत्ती शिंप्याची होती, ही गोष्ट महाराष्ट्रातील शाळकरी मुलासही ठाऊक असते. शिखांच्या गुरु ग्रंथसाहिबात नामदेवांची जी ६१ पदे समाविष्ट आहेत त्यांपैकी एका प्रसिद्ध पदात गज, कात्री, सुई आणि दोरा ही शिंप्याची उपकरणे भक्तीची साधने होऊन अवतरली आहेत. तेव्हा सुईदोऱ्याच्या विद्येचा आणि ग्रंथकर्तृत्वाचा संबंध हिंगोली जिल्ह्याच्या भूमीत निदान सहा-सात शतकांचा जुना आहे, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही. भरतकामाच्या नक्षीवर मालकी कोणाची, ती दुसऱ्याने उतरून घ्यावी की न घ्यावी, घेतल्यास मूळ कर्त्याचे देणे काय, हे प्रश्न आज यंत्राच्या आणि संगणकाच्या निमित्ताने उपस्थित झाले असले तरी त्यांचा विचार याच मुलखाच्या इतिहासातून करावा, असे मला पुष्कळ दिवसांपासून वाटत आले आहे. कारण कर्त्याचे नाव, नक्षीचा प्रसार आणि कारागिराची उपजीविका या तीन गोष्टींचा जो मेळ पूर्वी येथे बसला होता तो कसा बसला आणि कशाने मोडला, हे पाहिल्यावाचून नुसती कायद्याची कलमे वाचून काही हाती लागत नाही.

नामदेवांच्या काळी अभंग ऐकावा, पाठ करावा, आपल्या बाडात उतरून घ्यावा आणि दिंडीत खुशाल म्हणावा, त्यासाठी कोणाची परवानगी लागत नसे की कोणास नजराणा द्यावा लागत नसे. परंतु शेवटच्या चरणात कवीची नाममुद्रा असे, आणि ती गाणाऱ्याने गाळावयाची नाही, हा अलिखित दंडक होता. या व्यवस्थेतही दोष शिरलेच. एकनाथांच्या काळातील विष्णुदास नामा आणि त्याच मुद्रेने लिहिणारे इतर यांच्या रचना मूळ नामदेवांच्या रचनांत इतक्या मिसळून गेल्या, की महाराष्ट्र शासनाने १९७० साली प्रसिद्ध केलेल्या गाथेतील कोणता अभंग कोणत्या नाम्याचा, हा अभ्यासकांचा वाद अद्याप मिटलेला नाही. उलट दिशेचा अपराधही घडे. तुकोबांचे अभंग आपल्या नावावर खपविणाऱ्या सालोमालोची कथा सर्वश्रुत आहे, आणि त्याच्यावर तुकोबांनी केलेला संताप त्यांच्या गाथेत नोंदलेला आहे. ज्या संतास आपल्या रचनेचा एक कवडीचाही मोबदला नको होता, ज्याने आपली खतपत्रे इंद्रायणीत बुडविल्याचे चरित्रकार सांगतात, त्याला आपल्या अभंगावरून आपले नाव पुसले गेलेले मात्र सहन झाले नाही, याचा अर्थ नीट लक्षात घेतला पाहिजे. उतरून घेणे हा गुन्हा नव्हता. नाव खोडणे हा गुन्हा होता, आणि तो गुन्हा आहे हे कोणत्याही मुनसफाच्या निवाड्यावाचून सर्वांस कळत होते.

कारागिराचे पोट या नावावर अवलंबून नसे; ते वृत्तीवर आणि वतनावर अवलंबून असे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ लिहून जी व्यवस्था वर्णिली तिच्यात शिंप्याची गणना बलुत्यांत नव्हे, तर अलुत्यांत होते, म्हणजे त्याचा हक्क सुतार-लोहारांच्या हक्काइतका पक्का नसे. तरीही अमुक गावचे अमुक काम अमुक घराण्याने करावे, हा संकेत त्याच्या पाठीशी असे. मराठी दप्तरांत वतनाच्या तंट्यांचे जे महजर सापडतात त्यांत भांडण असते ते काम करण्याच्या आणि मानाच्या हक्काचे; मिरास असे ती कामाची. या व्यवस्थेने जातीच्या बेड्या पक्क्या केल्या, आणि तिचे गोडवे गाण्याची मला मुळीच इच्छा नाही. परंतु नक्षी मोकळी सोडूनही कारागीर उपाशी मरत नसे याचे कारण तिच्यातच होते, हे नाकारता येत नाही.

पुढे हिंगोलीस निजामाच्या कंटिंजंट फौजेची छावणी पडली आणि ती १९०३ पर्यंत टिकली. पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा ही शहरातील मोहल्ल्यांची नावे त्या अमलाची साक्ष आजही देत आहेत. छावणीबरोबर गणवेश येतो, आणि गणवेशात एक अंगरखा दुसऱ्याहून वेगळा नसणे हाच गुण ठरतो. एकच नमुना शेकडो वेळा हुबेहूब उतरविण्याची ही गरज गावच्या शिंप्यास पूर्वी कधी भासली नसावी.

या जिल्ह्यातील खरी भरतकामाची विद्या मात्र छावणीत नव्हती आणि पेठेतही नव्हती. ती तांड्यांत होती. सेनगाव, औंढा, कळमनुरी या तालुक्यांच्या माळरानांवर बंजाऱ्यांचे जे तांडे वसले आहेत त्यांचे पूर्वज लाखो बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मोगलांच्या दक्षिणेतील मोहिमांस रसद पुरवीत असत. आगगाडीने त्यांचा व्यापार बुडविला, आणि ज्यांनी फौजा पोसल्या त्यांनाच इंग्रजी राजवटीने गुन्हेगार जमातींच्या यादीत घातले. या साऱ्या उलथापालथीत तांड्यातील स्त्रीने जी एक दौलत हातची जाऊ दिली नाही ती तिच्या अंगावरच्या फेटियाची, काचळीची आणि टुकरीची. जाड्याभरड्या कापडावर, पुष्कळदा आधी रेघ न काढता, केवळ डोळ्यांच्या अदमासाने चौकोन, त्रिकोण आणि चक्रे भरावयाची, मध्ये आरसा बसवावयाचा, कडेला कवड्या आणि नाणी ओवावयाची, आणि हे सारे विक्रीसाठी नव्हे तर लेकीच्या लग्नासाठी, सणासाठी, देवीसाठी करावयाचे, अशी ही कला आहे. जुन्या काचळीची उलटी बाजू पाहावी: तेथे गाठ दिसत नाही, दोरा एका घरातून दुसऱ्या घरात असा नेलेला असतो की तो वायाही जाऊ नये आणि ताणलाही जाऊ नये, आणि आरशाभोवती आधी आडव्या-उभ्या धाग्यांची जी जाळी घातलेली असते तिच्यावरच वरचा सगळा डौल तोललेला असतो. उजळ बाजूवर रंगांनी डोळे दिपतात, परंतु कारागिरी ओळखावयाची ती उलट्या बाजूवरून, आणि जाणती म्हातारी तेथे नजर टाकून हे कोणाच्या हातचे आहे ते सांगते. येथे नाममुद्रा लिहिलेली नसते. हातच मुद्रा असतो. आई मुलीला शिकविते, सून माहेरची नक्षी सासरच्या तांड्यात आणते, आणि याला चोरी म्हणावे असे कोणाच्या स्वप्नातही येत नाही, कारण नक्षी कोण्या एकीची नसून गोरमाटी, म्हणजे बंजारा, समाजाची आहे, आणि तो समाज तिच्यावरून आपली ओळख सांगतो.

अशा नक्ष्या कर्त्याच्या नावावाचून आणि मोबदल्यावाचून परमुलखी गेल्या, तो प्रकार संगणकाने आरंभिलेला नाही. लंडनच्या इंडिया म्युझियमचे जॉन फोर्ब्स वॉटसन यांनी १८६६ साली हिंदुस्थानातील कापडाचे ७०० नमुने प्रत्यक्ष कापून १८ खंडांत चिकटविले आणि त्यांचे २० संच तयार केले. त्यांपैकी १३ विलायतेत आणि ७ हिंदुस्थानात ठेवण्यात आले, आणि उद्देश उघड सांगण्यात आला होता, की इंग्लंडच्या कारखानदारांनी हे नमुने पाहून हिंदी लोकांस रुचेल असा माल यंत्रावर काढावा. ज्या इंग्लंडने १७८७ सालीच कायदा करून आपल्या छिटांच्या नव्या नक्षीस दोन महिन्यांचे, आणि पुढे १७९४ मध्ये तीन महिन्यांचे, संरक्षण दिले होते त्याच इंग्लंडने आमच्या साळ्या-कोष्ट्यांच्या नक्ष्यांचे हे सार्वजनिक वाटप केले. खंडांत कापडाचे गाव आले, लांबीरुंदी आली, किंमतही आली. विणणाऱ्याचे नाव कोठेही आले नाही. नक्षीच्या मुक्त प्रसाराचे गुणगान करणाऱ्याने हे १८ खंड विसरू नयेत असे मला मनापासून वाटते.

पेठेतील शिवणकामात भरतकाम शिरले ते खाक्याच्या मार्गाने, आणि हा खाका आजही हिंगोलीच्याच काय, कोणत्याही तालुक्याच्या बाजारात पिको-फॉलच्या दुकानांच्या शेजारी पाहावयास मिळतो. बटर पेपरावर नक्षी काढून तिच्या रेघेवर सुईने जवळजवळ भोके पाडतात, कागद कापडावर अंथरतात, आणि रॉकेलात कालविलेली नीळ किंवा पांढरी भुकटी कापसाच्या बोळ्याने त्यावरून फिरवितात. कागद उचलला की ठिपक्यांची नक्षी कापडावर उमटते आणि रॉकेल उडून जाऊन ती टिकते. एका खाक्यावर अनेक ब्लाउज छापले जातात, तो दुकानादुकानांतून हात बदलतो, झिजतो, मळतो, अखेर फाटतो, आणि मग कोणास तरी तो बसून पुन्हा काढावा लागतो. त्या फाटण्यातच कारागिराची मजुरी सुरक्षित होती. शिवाय खाक्याने फक्त रेघ मिळते. ती कोणत्या टाक्याने भरावी, दोरा किती घट्ट ओढावा, कोठे भरीव आणि कोठे जाळीदार ठेवावे, ही विद्या भरणारीच्या हातातच राहते. साखळी टाका आणि गहू टाका यांतील भेद खाका सांगत नाही.

यंत्राने ही विद्याच कागदावर, आणि पुढे कागदावरून विजेच्या संकेतांत उतरविली. अल्सासमधील जोशुआ हाइलमान याने १८२८ च्या सुमारास भरतकामाचे हातयंत्र काढले; स्वित्झर्लंडच्या इझाक ग्रोब्ली याने १८६३ मध्ये शिफ्ली यंत्र काढले, ज्यावर कारागीर सहापट मोठ्या रेखाटनावरून टाक्यामागून टाका टोकदार दर्शक-काडी फिरवी आणि शेकडो सुया एकाच वेळी तीच हालचाल करीत; आणि त्याच्याच मुलाने १८९८ मध्ये कारागिराच्या हाताऐवजी भोके पाडलेल्या पट्टीवर हे काम सोपविले. नक्षी टाक्यांत बसविण्याच्या कामास सुरतेपासून मुंबईपर्यंत आजही पंचिंग म्हणतात ते या भोकांवरूनच. १९६४ मध्ये जपानच्या ताजिमा कंपनीने अनेक हेडचे, म्हणजे एकाच वेळी अनेक कापडांवर तीच नक्षी भरणारे, यंत्र बाजारात आणले, आणि पुढे संगणक आल्यावर त्याच कंपनीच्या डीएसटी या फाइलप्रकाराचा व्यापारात सर्वत्र शिरकाव झाला.

ही फाइल जरा जवळून पाहण्याजोगी आहे. आरंभी ५१२ बाइटांचे एक मथळ्याचे पान, ज्यात नक्षीचे नाव, टाक्यांची संख्या, रंगबदलांची संख्या आणि लांबीरुंदी एवढेच. त्यानंतर प्रत्येक टाक्यास केवळ ३ बाइट, ज्यांत सुईने पूर्वीच्या जागेपासून किती सरकावे हे मिलिमीटरच्या दशांशांत सांगितलेले, आणि एका उडीची कमाल मर्यादा १२.१ मिलिमीटर. दोऱ्याचा रंग कोणता हेही तिच्यात नसते. रंग बदला, एवढीच आज्ञा असते. म्हणजे वीस हजार टाक्यांची ब्लाउजच्या पाठीची नक्षी साठ हजारांच्या आसपास बाइटांत मावते, आणि एका मोबाइलवरून दुसऱ्यावर क्षणात जाते. पण त्या साठ हजारांत पंचिंग करणाऱ्याची विद्या शिगोशीग भरलेली आहे: बकरम असूनही कापड कोठे आकसेल, म्हणून टाका किती लांबवावा, पानाच्या टोकाशी दाटी होऊन सुई मोडू नये म्हणून कोणते टाके गाळावे, वरच्या भरणीखाली आधाराचे टाके कोणत्या दिशेने घालावे, हे त्याने प्रत्यक्ष यंत्रावर नमुने काढून आणि बिघडवून शिकलेले असते. खाका झिजत असे. ही फाइल कधीही झिजत नाही. जॉबवर्कचा भाव हजार टाक्यांवर ठरतो, म्हणून यंत्र चालविणाऱ्यास प्रत्येक कापडामागे पैसे मिळतात, आणि ज्याने टाके बसविले त्यास एकदाच मिळतात, अथवा फाइल फुकट फिरू लागल्यास मुळीच मिळत नाहीत.

आता कायद्याकडे वळू. १९५६ च्या नोव्हेंबरात मराठवाडा हैदराबाद राज्यातून निघून द्विभाषिक मुंबई राज्यात आला, आणि त्याच्या पुढच्याच वर्षी स्वतंत्र भारताचा कॉपीराइट कायदा संमत झाला. रेखाटन कलात्मक असो वा नसो, ते कलाकृतीच मानावे, अशी उदार व्याख्या त्यात आहे, आणि कर्त्याच्या हयातीनंतर ६० वर्षांपर्यंत हक्क टिकतो. परंतु कलम १५ च्या दुसऱ्या पोटकलमाने ही उदारता भरतकामापुरती जवळजवळ परत घेतली आहे: जी नक्षी डिझाइन म्हणून नोंदविता आली असती पण नोंदविली नाही, ती हक्कदाराने किंवा त्याच्या परवानगीने औद्योगिक प्रक्रियेने ५० पेक्षा अधिक वस्तूंवर उतरविली, की तिच्यावरील कॉपीराइट संपुष्टात येतो. वीस हेडच्या यंत्रावर ही मर्यादा तिसऱ्या फेरीत ओलांडली जाते. दिल्ली उच्च न्यायालयाने २००८ मध्ये ताहिलियानी डिझाइनच्या प्रकरणात पन्नासच्या आत असलेल्या कामास संरक्षण दिले, आणि २०१६ मध्ये रितिका कंपनी विरुद्ध बिबा या दाव्यात पन्नासच्या पलीकडे गेलेल्या, नोंदणी नसलेल्या कामास ते नाकारले. म्हणजे थोड्यांसाठी महाग वस्त्रे करणाऱ्याचा हक्क टिकतो आणि सामान्यांच्या ब्लाउजवर नक्षी भरणाऱ्याचा टिकत नाही. २००० च्या डिझाइन कायद्याखाली नोंदणी करून दहा आणि वाढवून पंधरा वर्षांचे संरक्षण घेता येते हे खरे. पण त्याचे दप्तर कोलकात्यास, नक्षी पूर्वी कोठेही प्रसिद्ध झालेली नसावी ही अट, आणि दर नक्षीमागे स्वतंत्र अर्ज. लग्नसराईत जिची नक्षी पुढच्या हंगामात जुनी होते त्या सेनगावच्या शिवणकाम करणाऱ्या बाईस याचा उपयोग किती?

तांड्याच्या नक्षीस तर हे दोन्ही कायदे लागूच पडत नाहीत, कारण ती नवी नाही आणि तिला एक कर्ता नाही. तिच्यासाठी भौगोलिक निर्देशनाचा कायदा आहे, आणि हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाला त्या १९९९ सालीच तो झाला, हा एक योगायोग. कर्नाटकातील सांडूर, जे पूर्वी घोरपड्यांचे मराठी संस्थान होते, तेथील लंबाणी, म्हणजे बंजारा, भरतकामास २०१० मध्ये ही नोंद मिळाली. तेथे टाक्यांची किल्लन, वेले, माकी, तेरा दोरा अशी नावे जपून ठेवली आहेत आणि स्त्रियांस काम मिळते आहे, ही समाधानाची गोष्ट. पण हा कायदा नावाचे रक्षण करतो, नक्षीचे नव्हे, आणि तेही नकाशावरील एका प्रदेशापुरते. मराठवाड्यातील तांडे त्या रेषेच्या बाहेर राहतात. २०२५ च्या जूनमध्ये मिलान येथे प्राडा कंपनीने कोल्हापुरी चपलेचा घाट तिचे नाव न घेता मांडला, महाराष्ट्रात संताप उसळल्यावर मूळ भारतीय असल्याचे मान्य केले, आणि चपलेस निर्देशन असूनही कायद्याने काही अडले नाही, हे आपण पाहिलेच आहे. सुरतेहून येणाऱ्या, यंत्रावर भरलेल्या बंजारा नमुन्याच्या कापडाचे ढीग मराठवाड्याच्या बाजारांत विकले जातात तेव्हा तोच प्रकार घडतो, फक्त त्याची वार्ता होत नाही.

कोणी म्हणेल, मग कायदा अधिक कठोर करावा. तो मार्ग मला पटत नाही. अमेरिकेत २००६ च्या सुमारास एम्ब्रॉयडरी सॉफ्टवेअर प्रोटेक्शन कोलिशन या नक्षीविक्रेत्यांच्या संघाने घरबसल्या भरतकाम करणाऱ्या स्त्रियांस धमकीवजा पत्रे धाडून पैसे मागितले, आणि त्यांच्या बचावासाठी इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनला पुढे यावे लागले. आपल्याकडे तसे झाले तर समन्स निघेल ते बचत गटातील बाईवर, हजारो नक्ष्यांची चोरीची पेनड्राइव्ह विकणाऱ्या व्यापाऱ्यावर नव्हे. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ मध्ये मात्र एक गोष्ट मोलाची आहे: हक्क विकून टाकल्यावरही कर्ता आपल्या कृतीचे कर्तृत्व सांगू शकतो. हे कलम पेठेतल्या ब्लाउजपर्यंत पोचावयास काळ लागेल. पण ज्या भूमीत नाममुद्रा गाळणे हा दोष मानला गेला तेथील माणसास ते समजावून सांगावे लागू नये.

म्हणून माझे म्हणणे असे आहे. विकत घेतलेली फाइल दुसऱ्यास पाठवू नये. आपण स्वतः पंचिंग केलेली खुशाल वाटावी. डीएसटीच्या मथळ्यात नावासाठी रोमन लिपीतील १६ अक्षरांची जागा आहे, ती बहुधा एखाद्या क्रमांकाने भरलेली असते. तेथे कर्त्याचे नाव घालावे, आणि आलेल्या फाइलीतील नाव पुसू नये. तांड्याची नक्षी यंत्रावर घ्यावयाची असेल तर ती बंजारा नक्षी आहे हे गिऱ्हाइकास सांगावे, आणि हातकामाचा एखादा भाग, निदान आरसे आणि कवड्या बसविण्याचा, तांड्यातील स्त्रीस योग्य मजुरी देऊन करून घ्यावा. जिल्ह्यातील शिवणवर्गांनी आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी नमुन्यांची एक वही ठेवावी, आणि फोर्ब्स वॉटसनच्या खंडांत जी नोंद राहून गेली ती तिच्यात पहिल्या रकान्यात असावी. ज्यांच्या घरी आजीची काचळी अजून पेटीत आहे त्यांना तर माझी हात जोडून विनंती आहे, की कोणास तिचे छायाचित्र काढू देण्यापूर्वी ती कोणी भरली, कोणत्या तांड्यात भरली आणि कोणाच्या लग्नासाठी भरली, हे घरातल्या वडीलधाऱ्या बाईस विचारून आजच लिहून ठेवावे.